आधीचा पेशंट

१२ जानेवारी २०२५, रविवार

आज आमच्या रुग्णसाहित्य केंद्राची यादी इंटरनेटवर चढली, आणि ती मी चढवली. हे वाक्य स्वच्छ अक्षरात लिहून ठेवतोय, कारण संध्याकाळच्या कार्यक्रमात मंडळाच्या अध्यक्षांनी "आपल्या तरुण मुलांनी केलेली वेबसाइट" असं ठोकून दिलं. तरुण मुलं कुठली? सगळं काम गुणाजी सावंतने केलं, वय बासष्ट, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार डोंबिवली पूर्व. मी उठून सांगणारच होतो, पण मायाने शर्ट ओढून खाली बसवलं. बायको शेजारी असली की माणसाला इतिहासात जागा मिळत नाही.

आमच्याकडे कुबड्या, वॉकर, चाकाच्या खुर्च्या, एअर बेड, दवाखान्यात असतात तसे हँडल फिरवून पाठ वर घ्यायचे बेड, असं सगळं आहे. घरात कुणी आजारी पडलं की न्यायचं, काम झालं की आणून द्यायचं. तीन ठिकाणी खोल्या आहेत. एक आमची डोंबिवलीची, एक विठ्ठलवाडीची आणि तिसरी ठाण्यात टेंभी नाक्याच्या मागे, ती वॉल्टर सांभाळतो. आजवर कुठे काय शिल्लक आहे हे कळायला तिन्हीकडे फोन लावावे लागायचे. आता एक पान उघडलं की झालं.

त्या पानाची गंमत अशी आहे. यादी एकच, पण पत्त्याच्या शेपटीला प्रश्नचिन्ह लावून पुढे आपल्याला काय हवं ते जोडलं, की पान तेवढंच दाखवतं. ?vastu=walker&bhag=thane म्हणजे ठाण्यातले वॉकर. लोकांना हे हाताने लिहावं लागत नाही. वर निवडायच्या चौकटी आहेत, त्यात टिचकी मारली की पत्ता आपोआप तसा होतो. आणि हा पत्ता व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवला तर त्यालाही नेमके तेच वॉकर दिसतात. आपला प्रश्न पत्त्यातच बसून प्रवास करतो. मला तर हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन रात्री झोप लागली नव्हती.

आमची सान्वी घोडबंदर रोडला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिनेच मला पायथन ही कंप्युटरची भाषा शिकवली आणि जँगो शिकवलं. जँगो म्हणजे वेबसाइट बांधायची तयार चौकट, भिंती उभ्याच असतात, आपण दारं-खिडक्या बसवायच्या. आज तिने माझा कोड वाचला.

"बाबा, upalabdh काय नाव आहे? available लिही ना."

"उपलब्ध लिहिलं म्हणून कंप्युटर रुसतो का?"

"नाही रुसत."

"मग झालं तर."

मायाने चष्मा लावून पान पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे. तो हिरवा रंग जरा कमी करा." कमी करणार नाही.

१५ जानेवारी

केंद्रातले फोन खरंच कमी झाले. काउंटरवर मालनताई बसतात, साताऱ्याकडच्या, आवाज खणखणीत. त्यांना मात्र फोन वाजत नाही याचं वाईट वाटतंय. "माणसं बोलायची हो भाऊ, आता नुसती वस्तू उचलून जातात," म्हणाल्या. दुपारी मला बसवून त्या कुणाच्या तरी बाराव्याला गेल्या. मागच्या आठवड्यातही एका तेराव्याला गेल्या होत्या. या बाईला एवढे नातेवाईक कुठून, देव जाणे.

१९ जानेवारी

करायला गेलो गणपती, झाला मारुती.

विठ्ठलवाडीच्या काळुरामने, टेम्पो चालवतो तो, आपल्या सासऱ्यासाठी पानावर विठ्ठलवाडी निवडलं, चाकाची खुर्ची निवडली. पहिलं पान बरोबर आलं, पण त्यातल्या सगळ्या खुर्च्या गेलेल्या. म्हणून त्याने "पुढचं पान" दाबलं. तिथे एक खुर्ची उपलब्ध दिसली. विठ्ठलवाडीच्या खोलीवर गेला तर तिथे बसणारा माणूस म्हणतो, ही खुर्ची आमची नाहीच, ठाण्याची आहे. हा टेम्पो घेऊन ठाण्याला. तिथे कळलं की खुर्ची चाकाची नसून कमोडची आहे.

तो केंद्रात येऊन माझ्यावर ओरडला आणि ओरडण्यात त्याचं काही चुकलं नाही. सान्वीला फोन केला. ती हसली आधी, मग म्हणाली, "पुढच्या पानाच्या लिंकमध्ये नुसतं page=2 टाकलंस. बाकीचं सगळं गळून पडलं. आधीचा प्रश्न सोबत न्यायला हवा ना, बाबा." खरंच की. पहिल्या पानावर माणसाने काय मागितलं होतं ते माझं दुसरं पान विसरून जात होतं. दुरुस्त केलं. संध्याकाळी काळुरामच्या घरी स्वतः चाकाची खुर्ची पोचवली आणि त्याच्याकडे मटकीची उसळ खाऊन आलो. आता तो मला "इंजिनीयरकाका" म्हणतो.

२ फेब्रुवारी

एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. वस्तू न्यायला आलेला माणूस तिची चाकं बघत नाही, ब्रेक बघत नाही. हळूच वाकून एवढंच विचारतो, "आधीचा पेशंट बरा झाला का?"

शिकलेली माणसं विचारतात. काल एक बँकेतले साहेब विचारत होते. आणि मालनताई दरवेळी हसून सांगतात, "झाला की! चालत गेला घरी."

मी आज नीट आठवून पाहिलं. मी आल्यापासून मालनताईंनी एकालाही "नाही" म्हटलेलं नाही. म्हणजे डोंबिवली केंद्राची एकूण एक वस्तू वापरणारा माणूस बरा झालेला आहे! हे उगाच होत नाही. मी दर रविवारी प्रत्येक चाकाला वंगण घालतो, स्क्रू आवळतो, रेक्झिन डेटॉलने पुसतो. टेलिफोनच्या तारा तीस-पस्तीस वर्षं सांभाळलेला हात आहे. वस्तू नीट चालली की पेशंटला हुरूप येतो, हुरूप आला की शरीर साथ देतं. मायाला सांगितलं तर ती चष्म्यावरून माझ्याकडे बघून "असेल हो," म्हणाली.

९ फेब्रुवारी

तिन्ही केंद्रांची बैठक. अध्यक्षांनी मागणी केली की यादीत "आधीचा पेशंट बरा झाला" अशी एक चौकट टाका, लोक तेच विचारतात. वॉल्टर गप्प होता. त्याची मिसेस मागच्या वर्षी गेली, तेव्हापासून तो तसा गप्पच असतो, आणि बाकी सगळा वेळ केंद्रात. मी तत्त्वाचा माणूस. उठून सांगितलं की हा निव्वळ भ्रम आहे. लोखंडाला काय कळतं कोण बरं झालं ते!

पण मग सगळे म्हणाले, लोकांची सोय. घरी येऊन सान्वीला विचारलं.

"बाबा, हे नको टाकूस. जे कुणालाच नको ते पडून राहील."

तिचं म्हणणं पटण्यासारखं होतं. पण खरं ते लिहितो, डोंबिवलीचा निकाल लोकांना दिसावा असं मला फार वाटलं. रात्री जेवायच्या आधी चौकट टाकली. ?bara=1 असं पत्त्यात आलं की फक्त बऱ्या झालेल्यांच्या वस्तू.

१६ फेब्रुवारी

मालनताईंनी डोंबिवलीची सगळी माहिती एका दुपारी भरली, एकही जुना कागद न बघता. सगळ्यांपुढे "हो". काय स्मरणशक्ती आहे! वॉल्टर मात्र एकेका घरी फोन करत बसलाय. त्याला वेळ लागणार. त्याच्याकडे "नाही" पुष्कळ निघाले. मला ठाण्याच्या लोकांबद्दल वाईट वाटलं.

२ मार्च

नवी चौकट तुफान चालली. अध्यक्षांनी ?bara=1 वाली लिंक सोसायट्यांच्या, मंडळांच्या, योगवर्गाच्या सगळ्या ग्रुपवर टाकली. आमच्या केंद्रात वस्तू परत आली की तासाभरात दुसरीकडे जाते. आज पहिल्यांदा अध्यक्षांनी माझं नाव घेऊन आभार मानले, तेही माइकवरून. माया त्या वेळी प्रसादाच्या रांगेत होती, म्हणून मला उठून उभं राहता आलं.

वॉल्टरचा फोन आला होता. म्हणाला, "गुणाजी, एक विचारू? तुझ्याकडे सगळेच बरे कसे रे?"

"वंगण," मी सांगितलं.

मग म्हणाला, "मला पण दे जरा त्यातलं."

दिलदार माणूस. पुढच्या रविवारी डबा घेऊन जातो.

९ मार्च

वंगणाचा डबा घेऊन ठाण्याला गेलो आणि मान खाली घालून परत आलो.

वॉल्टरची खोली भरलेली आहे. वॉकर भिंतीला टेकवून एकात एक अडकवलेले, एअर बेड घड्या घालून, दोन मोठे बेड, एक आत आणि एक दाराशीच. सगळं लख्ख. माझ्याहून जास्त लख्ख, हे लिहिताना जड जातंय. दाराशी असलेल्या बेडवर त्याने फुलाफुलांची चादर घातली आहे, धूळ बसू नये म्हणून.

"महिना झाला, कोण फिरकलं नाय," वॉल्टर म्हणाला. "फोन येतो, विचारतात बरं झालं का माणूस. मी खोटं नाय बोलू शकत रे. खाली ठेवतात फोन."

लोकांना बेड मिळत नाहीत आणि इथे बेड पडून आहेत. माझ्या एका चौकटीमुळे. सान्वीने सांगितलेलं अगदी तस्संच झालं, आणि पोरीने "मी म्हटलं नव्हतं?" एवढंही ऐकवलं नाही. आई तिची माया असली तरी हा गुण तिने कुठून उचलला कळत नाही.

घरी येताच पानावरून ती चौकट काढून टाकली.

१६ मार्च

आठवडा गेला तरी ठाण्याला कुणी जात नाही. आज कारण सापडलं. चौकट मी पानावरून काढली, पण अध्यक्षांनी वाटलेला पत्ता लोकांच्या फोनमध्ये तसाच आहे. ते त्यावरच टिचकी मारतात, पत्ता bara=1 घेऊन येतो आणि माझा आज्ञाधारक कोड त्यांना ठाण्याच्या वस्तू दाखवतच नाही. दाराची पाटी काढली पण दार उघडंच ठेवलं, असं झालं. कोडमधल्या दोन ओळी काढल्या की प्रश्न मिटतो. मग पत्त्यात कुणी काहीही आणलं तरी सगळी यादी दिसेल. उद्या सकाळी पहिलं काम हेच.

१७ मार्च

माया न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं आहे.

१९ मार्च

ऑपरेशन झालं. नीट झालं म्हणतात. सान्वी तिच्याजवळ आहे, मला घरी पाठवलं. घरी काही करायला नाही. ओटा पुसला, पुन्हा पुसला. डॉक्टर म्हणाले की आमचा दिवाण बुटका आहे, त्यावरून उठणं-बसणं तिला झेपणार नाही, घरी नेण्याआधी पाठ वर होणारा उंच बेड हवा. मी म्हटलं, डॉक्टर, बेडची चिंता तुम्ही करू नका, त्या बाबतीत तुम्ही योग्य माणसाशी बोलताय.

२० मार्च

डोंबिवलीत बेड नाही. विठ्ठलवाडीला नाही. ठाण्याला दोन आहेत.

हॉस्पिटलच्या बाकावर बसून, चाचणी म्हणून, पत्त्यात हाताने bara=1 लिहून बघितलं. बेड शून्य. म्हणजे तो कोड अजून चालू आहे. चाचणी यशस्वी.

२१ मार्च

डॉक्टर म्हणाले, उद्या घरी न्या. मी म्हटलं, अजून दोन दिवस राहू दे, घाई कशाला.

ठाण्याचे बेड जुन्या पद्धतीचे आहेत. त्यांच्या हँडलची खात्री देता येत नाही. शिवाय काळुरामला टेम्पोची वेळ जमेल की नाही ते बघावं लागेल, आणि ठाण्यात शिरताना हल्ली काय गर्दी असते ते सगळ्यांना माहीत आहे. नवा बेड विकत मिळतो का तेही पाहतोय. आज पुन्हा दोनदा चाचणी घेतली.

२२ मार्च

दुकानात गेलो. नव्या बेडचे गज हलके वाटले. दुसऱ्या दुकानात रंग आवडला नाही.

काळुरामचा स्वतःहून फोन आला. "इंजिनीयरकाका, टेम्पो मोकळा आहे, कधी जायचं बोला." मी म्हटलं, कळवतो.

२३ मार्च, रविवार

आज मालनताई मायाला भेटायला डबा घेऊन आल्या आणि सगळं बोलून गेल्या. मी आत गेलो तर माया उशीला टेकून माझी वाटच बघत होती.

"अहो, ठाण्याला दोन बेड आहेत म्हणे?"

मी हँडलबद्दल सांगायला लागलो.

"त्याच्यावर माणूस गेलंय, म्हणून आणत नाही ना तुम्ही?"

"छे! मी मानतो का असलं काही? बैठकीत उभं राहून सांगितलंय मी, लोखंडाला काय कळतं."

"मग?"

मी गजांबद्दल बोललो. तिने ऐकून घेतलं. तिचा चेहरा उतरलाय या आठवड्यात, पण डोळे तेच.

"आपल्या दिवाणावर आई गेल्या," ती म्हणाली. "त्याच दिवाणावर तुम्ही रोज दुपारी घोरता. काय झालंय का तुम्हाला? मला इथे झोप नाही, जेवण नकोसं होतं, मला घरी न्या. त्या बेडवरनं एक माणूस गेलं तर गेलं. मी त्याच्यावरनं उठून चालत जाते, मग तर झालं?"

मी भिणारा माणूस नाही. पण एकतीस वर्षांत ही बाई माझ्याशिवाय आणि मी तिच्याशिवाय कधी राहिलेलो नाही, आणि हे असं वाक्य तिच्यासमोर म्हणता येत नाही, म्हणून इथे लिहितोय.

बाहेर येऊन काळुरामला फोन केला. मग बाकावर बसून, फोनवरूनच सान्वीला सांगून, कोडमधल्या त्या दोन ओळी काढायला लावल्या. ती म्हणाली, "तुझ्या हातानेच काढ ना, घरी गेल्यावर." मी म्हटलं, नको, आत्ता काढ.

२४ मार्च

बेड आला, माया आली.

वॉल्टर स्वतः टेम्पोत बसून आला. दाराशी असलेला, फुलाफुलांची चादर घातलेला बेड त्याने आणला. मी म्हटलं, आतला का नाही आणलास, तो नवा दिसतो. म्हणाला, "हा आराम देतो रे. मला म्हायती आहे." हँडलला एक खोड आहे, आधी थोडं उलटं फिरवायचं आणि मग सुलटं, नाहीतर अडकतं. वॉल्टरला ती अचूक ठाऊक. न बघता फिरवत होता. वस्तूंची अशी ओळख असलेला माणूस केंद्राला मिळाला हे आमचं भाग्य.

मायाला बेडवर घेतलं, पाठ वर केली. ती हुश्श करून म्हणाली, "वॉल्टरभाऊ, आधी यावर कोण होतं?"

बरं झालं का, असं नाही विचारलं. कोण होतं, असं विचारलं.

"सेसिलिया," वॉल्टर म्हणाला आणि फडक्याने हँडल पुसायला लागला. ते मी आधीच पुसलं होतं.

"आवाज चांगला होता तिचा," तो म्हणाला. "झोपून पण गायची. किचनमदी कुणी भांडं आपटलं तर हितनं ओरडायची."

"मग जमेल आमचं," माया म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "अहो, भाऊंना चहा करा. आलं घाला. आणि काही विचारत बसू नका."

मी कुठे काय विचारत होतो? चहा केला. वॉल्टर दोन कप प्यायला आणि बराच वेळ बसला. जाताना ती चादर परत नेतो म्हणाला, आणि मग दारातून मागे येऊन म्हणाला, नको, राहू दे वहिनींकडे.

२ एप्रिल

मायाला संध्याकाळपासून ताप आहे. मी सान्वीला म्हटलं, तिला दिवाणावर घेऊ या, बेड आत्ताच्या आत्ता ठाण्याला पाठवू या. सान्वीने माझा हात घट्ट धरून मला बाहेरच्या खोलीत बसवलं. डॉक्टर येऊन गेले. टाक्यांजवळ थोडी सूज आहे, औषध बदललंय.

आतून मायाचा आवाज आला, "कुणी मला इथनं हलवायचं नाही. मी इथनंच उठणार आहे."

देवापाशी दिवा लावला. तत्त्वाचा प्रश्न नंतर बघू.

५ एप्रिल

ताप उतरला. आंबेमोहराचा मऊ भात मागून घेतला तिने, वर तूप, आणि मीठ कमी पडलं म्हणून मला बोलली. इतकं बरं वाटलं मला ते बोलणं ऐकून.

२० एप्रिल

वॉकर धरून खिडकीपर्यंत. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणते, काकूंची जिद्द फार. काकूंची जिद्द मला विचारा. लग्नानंतर बी.ए. केलं तिने, सान्वी पोटात असताना परीक्षा दिली, आणि माझ्या आईने सांगितलं की बस झालं शिक्षण, तेव्हा पुस्तक पिठाच्या डब्यामागे ठेवून वाचलं. हे मी कधी कुणाला अभिमानाने सांगितलंच नाही. वेबसाइटचं मात्र गावभर सांगत सुटलो.

११ मे

वॉल्टरचा फोन. ठाण्याच्या वस्तू आता जायला लागल्या आहेत. जुनी लिंक उघडली तरी पूर्ण यादी दिसते, त्यामुळे लोकांना तिथे बेड आहेत हे निदान कळतं. तोंडी विचारणारे अजून विचारतात, पण निम्मे तरी नेतात. मालनताईंनी त्याला फोनवर सल्ला दिला म्हणे, "वॉल्टरभाऊ, तुम्ही पण सांगत जा की, चालत गेला म्हणून." वॉल्टर म्हणाला, तोंडातनं येत नाय. मी म्हटलं, मालनताईंचं काय, त्यांच्याकडे खरंच सगळे चालत गेले, त्यांना सोपं आहे. वॉल्टर खूप हसला. तो हसतोय हे ऐकून बरं वाटलं, विनोद काय झाला ते मात्र विचारायचं राहिलं.

मालनताई आज पुन्हा एका बाराव्याला गेल्यात.

२२ जून, रविवार

आधी हे लिहितो, मग जेवतो. माया दोनदा हाक मारून गेली आहे, स्वयंपाकघरातून इथवर, काठी टेकत.

आज बेड परत दिला. मी म्हटलं होतं, काळुराम आणि मी देऊन येतो. माया म्हणाली, "नेला माझ्यासाठी, परत मीच देणार." सान्वीच्या गाडीतून तिला ठाण्याला नेलं. निळी साडी नेसली होती, केसात अबोली. हॉस्पिटलातून आल्यानंतर पहिल्यांदाच इतक्या लांब बाहेर पडली.

काळुरामच्या टेम्पोतून आलेला बेड आत लागला. चादर धुऊन, इस्त्री करून मायाने वॉल्टरच्या हातात दिली. त्याने ती छातीशी धरली आणि मग कपाटात ठेवायला गेला तो जरा वेळाने आला. डोळे लाल होते. त्या खोलीत धूळ नाही, पण त्याला धुळीचा त्रास असावा.

तेवढ्यात कळव्याहून एक बाई आल्या, सोबत त्यांचा भाऊ. आईला अर्धांगवायूचा झटका आलाय, उद्या घरी सोडणार आहेत, बेड हवा. आमच्या पानावर बघून आल्या होत्या. वॉल्टरने आमचाच बेड दाखवला. बाईंनी गज हलवून पाहिले नाहीत, हँडल पाहिलं नाही. वॉल्टरजवळ येऊन आवाज खाली घेऊन विचारलं, "काका, आधीचा पेशंट बरा झाला का?"

वॉल्टरने तोंड उघडलं आणि मिटलं. मला कळलं, तो कुठला आधीचा सांगू म्हणून अडलाय. खोटं त्याला येत नाही, आणि खरं सांगायला लागला तर दोन माणसांचं सांगावं लागलं असतं.

"आधीची पेशंट मीच," बेडशेजारच्या खुर्चीतून माया म्हणाली. "थांबा, दाखवते."

तिने पर्स सान्वीकडे दिली. काठी टेकली, ओठ घट्ट मिटले आणि उठली. त्या बाई मागे सरकल्या, त्यांच्या भावाने मधला स्टूल उचलून बाजूला घेतला. वॉल्टर कपाटाला पाठ लावून उभा राहिला. माया निघाली. बेडपासून दारापर्यंत, वॉकरच्या रांगेच्या कडेने, एक पाय टाकून, जरा थांबून, दुसरा. माझा ऊर असा भरून आला की मला माइक हवा होता, अध्यक्ष हवे होते, अख्खा टेंभी नाका तिथे उभा असायला हवा होता. ही माझी बायको, हे मला सगळ्यांना ओरडून सांगायचं होतं.

दाराशी वळताना ती किंचित झुकली. मी कधी तिच्या मागे जाऊन पोचलो ते मला कळलंच नाही. माझा हात तिच्या पाठीमागे होता, टेकलेला नाही, बोटभर अंतरावर.

"अहो, हात काढा," ती मागे न बघता हळूच म्हणाली. "त्यांना वाटेल तुम्ही धरलंय."

मी हात काढला.